हाऊबेराचीं फळें : सृष्टींतील वैविध्याचा एक धडा

काष्ठौषधी विकणाऱ्या दुकानदाराकडे जाऊन 'हाऊबेर' मागितलें, तर तो वाटाण्याएवढीं, काळसर तपकिरी रंगाचीं, सुरकुतलेलीं कांहीं फळें पुडींत बांधून देतो. आयुर्वेदांत यांनाच हपुषा असें नांव आहे. कित्येक घरांतील वडील मंडळींना हें औषध ठाऊक असतें. परंतु तें कोणत्या झाडाचें फळ, तें झाड कोठें उगवतें, आणि त्या फळाच्या आंत काय असतें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. त्या पुडींतील पंचवीस-तीस फळें कागदावर पसरून नीट पाहिलीं, म्हणजे पहिली गोष्ट अशी ध्यानांत येते कीं, त्यांतील कोणतींही दोन फळें अगदीं सारखीं नाहींत. एक मोठें तर दुसरें बारीक, एक वाटोळें तर दुसरें किंचित् लांबट. फळें फोडून पाहिलीं तर कोणांत तीन बिया, कोणांत दोन, तर कोणांत एकच. आणि बी फोडून पाहिली तर याहूनही मोठें आश्चर्य दिसतें. बाहेरून चांगल्या टणक दिसणाऱ्या कित्येक बियांच्या आंत कांहींच नसतें. धान्यांतील पोचट दाण्याप्रमाणें त्या केवळ टरफलें असतात.

हे भेद कां पडतात, आणि त्यांवर एका संपूर्ण वनस्पतीचें जगणें व नष्ट होणें कसें अवलंबून आहे, हें आपणांस या लेखांत पाहावयाचें आहे.

हाऊबेर हें ज्युनिपर नांवाच्या सदाहरित झाडाचें फळ होय. देवदार व चीड हे जसे सूचिपर्णी वृक्ष, तसाच ज्युनिपर हाही. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच्या पन्नासाहून अधिक जाती मानतात. त्या जवळजवळ सर्व उत्तर गोलार्धांतच आढळतात. एक जात मात्र पूर्व आफ्रिकेंतील पर्वतांवरून विषुववृत्त ओलांडून दक्षिणेस पोंचली आहे. आपल्या सह्याद्रीवर हें झाड रानटी स्थितींत उगवत नाहीं. भारतांत त्याचें माहेर हिमालय आहे. हाऊबेर ज्या जातीचें फळ आहे, तिला 'सामान्य ज्युनिपर' म्हणतात. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं तिचें शास्त्रीय नांव ठरविलें. उत्तर अमेरिका, युरोप, उत्तर आशिया आणि वायव्य हिमालय एवढ्या प्रदेशांवर ती पसरलेली आहे. सूचिपर्णी वनस्पतींत इतका विस्तार दुसऱ्या कोणत्याही जातीचा नाहीं. थंड वाऱ्याच्या डोंगरमाथ्यावर हें झुडूप जमिनीसरसें अंग पसरून असतें, तर आश्रयाच्या जागीं तेंच मनुष्याहून उंच वाढतें. त्याचीं पानें सुईसारखीं टोंकदार असून फांदीवर तीन-तीनच्या वेढ्यांनीं लागतात.

आतां फळाकडे वळूं. चीडाचा शंकु तुमच्यापैकीं कांहींनीं शोभेची वस्तु म्हणून पाहिला असेल. त्याचे खवले लांकडासारखे कठीण असतात. वाळल्यावर ते उकलतात आणि आंतील पंखयुक्त बिया वाऱ्याबरोबर उडून जातात. ज्युनिपरनें निराळीच युक्ति योजिली आहे. त्याचे खवले मांसल होतात, एकमेकांस चिकटून एकजीव होतात आणि बियांना सर्व बाजूंनीं वेढून टाकतात. म्हणून तो शंकु असूनही बोरासारखा दिसतो. हाऊबेराच्या टोंकाकडे निरखून पाहा. तेथें तीन किरणांची एक बारीक खूण आढळेल. तीन खवले जेथें जुळले, त्या सांध्याची ती खूण होय. शास्त्रदृष्ट्या हें फळ नव्हे, शंकुच होय. परंतु सोयीसाठीं आपण त्याला फळच म्हणूं.

सामान्य ज्युनिपरमध्यें नर-झाडें व मादी-झाडें बहुधा वेगवेगळीं असतात. वसंत ऋतूंत नर-झाडांवरून पिंवळा पराग वाऱ्यावर उधळतो. त्याच सुमारास मादी-झाडावरील प्रत्येक बीजांडाच्या टोंकाशीं दंवाच्या थेंबासारखा एक सूक्ष्म थेंब उभा राहतो. वाऱ्याबरोबर आलेला परागकण त्या थेंबांत अडकतो, आणि थेंब आटूं लागला म्हणजे तो आंत ओढला जातो. येथून पुढें घाई म्हणून नाहीं. प्रत्यक्ष फलन होण्यास सुमारें एक वर्ष जातें, आणि फळ पिकावयास दुसरें किंवा तिसरें वर्ष उजाडतें. त्यामुळें एकाच फांदीवर कोंवळीं हिरवीं फळें आणि निळसर काळीं, पांढुरक्या लवेनें झांकलेलीं पक्व फळें शेजारीं शेजारीं दिसतात. या दीर्घ प्रवासांत कोठेंही विघ्न आलें तरी बीमधील गर्भ मरून जातो. परंतु वरचें कवच पुष्कळदां पूर्ण तयार होतें, आणि फळही पिकून निळें होतें. बाहेरून पाहणाराची फसवणूक होते ती यामुळेंच.

फळांतील व बियांतील भेद आपण पायरीपायरीनें पाहूं. पहिली पायरी निरनिराळ्या जातींची. सामान्य ज्युनिपरच्या फळाचा व्यास बहुधा ६ ते ९ मिलिमीटर असतो व त्यांत सामान्यतः तीन बिया असतात. ग्रीस, तुर्कस्तान, सीरिया व लेबनॉन या देशांत आढळणाऱ्या एका जातीचें फळ २० मिलिमीटरांहूनही मोठें होतें, आणि त्यांतील तिन्ही बिया एकत्र जुळून आठळीसारखा एकच कठीण गोळा बनतो. पूर्व हिमालयांतील, लवलेल्या फांद्यांच्या ज्युनिपरच्या फळांत एकच बी असते. भूमध्य समुद्राच्या कांठच्या आणखी एका जातींत मात्र एका फळांत सात-आठ बियाही सांपडतात. जातीजातींमधील हे भेद स्थिर असल्यामुळें त्यांवरून जात ओळखतां येते.

दुसरी पायरी अधिक सूक्ष्म आहे. एकाच जातीच्या, परंतु वेगवेगळ्या डोंगरांवर वाढणाऱ्या वस्त्या घेतल्या, तर त्यांच्यांतही फरक आढळतो. एका डोंगरावरील फळें सरासरीनें मोठीं, तर दुसऱ्यावरील लहान. एकीकडे बिया वजनदार, दुसरीकडे हलक्या. तिसरी पायरी एकाच वस्तींतील झाडाझाडांमधील भेदांची, आणि चवथी पायरी एकाच झाडावरील फळाफळांतील भेदांची. शिवाय काळाचा भेद आहेच. एका वर्षीं बहर उदंड येतो, तर दुसऱ्या वर्षीं झाड जवळजवळ रिकामें राहतें. एकाच झाडाचीं चार फळें तोडून 'ज्युनिपरचें फळ असें असतें' असा सिद्धांत मांडणारा मनुष्य फसतो, याचें कारण या पायऱ्या तो विसरतो.

आतां या भेदांचीं कारणें पाहूं. पहिलें कारण पराग. नर-झाडें दूर असलीं, किंवा परागाच्या दिवसांत पाऊस लागून राहिला, तर थेंब उभे राहूनही रिते राहतात. दुसरें कारण हवा व पाणी. फार थंडी पडली, उन्हाळा अपुरा ठरला किंवा दुष्काळ आला, तर वाढत असलेला गर्भ मध्येंच सुकतो. तिसरें कारण शत्रु. गांधीलमाशीच्या गणांतील एक अत्यंत बारीक कीटक बीमध्यें अंडें घालतो, आणि त्यांतून निघणारी अळी आंतला सर्व गर खाऊन टाकते. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एक कोळीकीडही बियांना विद्रूप करते. चवथें कारण अन्न. खडकाळ, निकस जमिनींतील झाडाला बीमध्यें सांठविण्यास थोडेंच मिळतें. आणि पांचवें कारण आनुवंशिकता. आईबापांचे गुण जसे मुलांत उतरतात, तसे ते झाडांतही उतरतात.

येथें चौकस विद्यार्थी विचारील, 'फळ लहान आहे तें वंशामुळें, कीं जमिनीमुळें, हें ओळखावें कसें?' प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तरही सोपें आहे. वेगवेगळ्या डोंगरांवरील बिया आणून त्या एकाच रोपवाटिकेंत, एकाच मातींत व एकाच पाण्यावर वाढवाव्या. सर्वांस सारखी स्थिति दिल्यावर जो फरक नाहींसा होतो, तो जमिनीचा व हवेचा. जो टिकून राहतो, तो वंशाचा. मात्र ज्युनिपरच्या बाबतींत या प्रयोगाला धीर लागतो, कारण त्याची बी रुजावयासच पुष्कळदां दोन हिवाळे घेते. डार्विननें १८५९ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हां त्याचीं पहिलीं दोन प्रकरणें अशा लहानसहान भेदांनाच वाहिलेलीं होतीं. हे भेद सामान्य लोकांस क्षुल्लक वाटतात. परंतु बदलत्या काळाला तोंड देण्याचें सामर्थ्य प्राण्यांस व वनस्पतींस त्यांतूनच येतें, हें त्यानें ओळखलें होतें.

फळाच्या आकाराशीं पक्ष्यांचाही निकट संबंध आहे. ज्युनिपरची बी पंखहीन व जड. ती आपण होऊन दूर जाऊं शकत नाहीं. कस्तुर पक्ष्याच्या कुळांतील पक्षी हिंवाळ्यांत हीं फळें सबंध गिळतात. गर पचतो आणि कठीण कवचाची बी विष्ठेबरोबर दूर कोठें तरी पडते. गिळण्यास सोपें असें लहान फळ व रोपास भरपूर शिदोरी देणारी मोठी बी, या दोन गरजा परस्परांविरुद्ध ओढतात. पोकळ बियांविषयीं तर एक चमत्कारिक गोष्ट आढळून आली आहे. अमेरिकेंतील यूटा प्रांतांतल्या एका जातीचा अभ्यास १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें एक लहानसा पक्षी ज्युनिपरच्या बिया फोडून आंतला गर खातो. ज्या झाडांवर पोकळ बियांचें प्रमाण अधिक, त्या झाडांकडे तो कमी फिरकतो, असें दिसून आलें. म्हणजे जी पोकळ बी आपण निव्वळ नुकसान समजतों, ती कधीं कधीं आपल्या भरलेल्या बहिणींचें रक्षण करते!

परंतु प्रत्येक गोष्टीस मर्यादा असते. २००० सालीं युरोपांतील सात प्रदेशांमधल्या सामान्य ज्युनिपरच्या ३१ वस्त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तरेकडील थंड अरण्यांपासून दक्षिणेकडील स्पेनच्या पर्वतांपर्यंतचीं फळें गोळा करून, फळाचा आकार, बियांची संख्या, बीचें वजन, आणि भरलेल्या, वांझ व किडलेल्या बियांचें प्रमाण हीं सर्व त्यांत मोजण्यांत आलीं. भूमध्य प्रदेशांतील पर्वतांवर, जेथें ही जात आपल्या दक्षिण सीमेवर उन्हाळ्याच्या कोरडेपणाशीं झगडत आहे, तेथें भरलेल्या बियांचें प्रमाण फारच कमी आढळलें. त्यानंतर २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत, हवेचें तापमान जेथें अधिक व कारखाने, वाहनें आणि शेती यांपासून निघणारीं नत्रयुक्त द्रव्यें जेथें जमिनीवर अधिक पडतात, तेथें सजीव बियांचें प्रमाण कमी असल्याचें दाखविण्यांत आलें.

याचा अर्थ नीट ध्यानीं घ्या. इंग्लंडच्या दक्षिण भागांतील खडूच्या टेकड्यांवर ज्युनिपरच्या जुन्या वस्त्या आहेत. त्यांतील कांहींमध्यें झुडपें फळांनीं लहडलेलीं असतात. पाहणारास वाटावें, काय ही समृद्धि! परंतु त्यांच्या पायथ्याशीं वांकून पाहिलें तर एकही कोंवळें रोप सांपडत नाहीं. बहुतेक बिया पोकळ, आणि ज्या थोड्या भरलेल्या त्यांतून उगवलेलें रोप ससे व मेंढ्या खाऊन टाकतात, किंवा दाट गवत त्याला डोकें वर काढूं देत नाहीं. १९५३ सालीं तेथील सशांमध्यें एका रोगाची भयंकर साथ शिरली व असंख्य ससे मेले. त्या मागाहूनच्या काळांत पुष्कळ ठिकाणीं ज्युनिपरचीं नवीं रोपें वाढलीं. एरवीं झाडें म्हातारीं होत जातात, आणि त्यांच्यामागें कोणी राहत नाहीं. अशी वस्ती एका दिवसांत नष्ट होत नाहीं. ती हिरवीगार दिसत असतांना, फळत असतांना, आंतून निर्वंश होत जाते. ज्यानें बी फोडून पाहिली, त्यालाच ही गोष्ट आधीं कळते. बाकीच्यांना कळते ती झाडें वाळल्यावर.

आपल्या देशांतही हा प्रश्न दूरचा नाहीं. हिमाचल प्रदेशांतील लाहौल व त्यापलीकडील लडाख या कोरड्या, थंड प्रदेशांत वृक्षरूपानें वाढणारी ज्युनिपरची एक जात आहे. तेथील बौद्ध लोक तिचीं सुगंधी पानें व डहाळ्या धूप म्हणून जाळतात, आणि तिला पवित्र मानतात. जेथें दुसरे वृक्ष क्वचितच उभे राहतात, तेथें ही उतारावरील माती धरून ठेवते. परंतु ती अत्यंत सावकाश वाढते. सरपणासाठीं होणारी तोड, गुरांचें चरणें आणि बियांचें अवघड रुजणें या तिहींमुळें तेथेंही नवीन रोपें विरळाच दिसतात. अशा ठिकाणीं रोपें लावावयाचीं तर बी कोठून आणावी, हा पहिला प्रश्न येतो. एकाच मोठ्या फळांच्या झाडाखालून पोतें भरून आणणें सोपें खरें. परंतु मग सर्व रोपें एकाच आईचीं. एखादा रोग आला, किंवा लागोपाठ दोन वर्षें पाऊस चुकला, तर तीं सर्व एकदमच बळी पडण्याचें भय असतें. शहाणा रोपवाटिकाकार अनेक झाडांची, अनेक उतारांची बी घेतो. लहान फळांच्या झाडालाही वगळीत नाहीं. आज जें झाड दुबळें दिसतें, त्याच्याच बींत उद्यांच्या दुष्काळास पुरून उरण्याचा गुण दडलेला नसेल असें कोणी सांगावें? आपले शेतकरीही पूर्वीं जोंधळ्याचीं व भाताचीं अनेक वाणें घरीं राखीत, त्यांतील शहाणपण हेंच होय.

आतां एक प्रयोग सांगतों. तो घरीं करून पाहावा. पालकांनींही त्यांत भाग घेतल्यास अधिक बरें. पन्नास हाऊबेरें घ्या. प्रत्येकाचा व्यास मोजपट्टीनें मोजून वहींत लिहा. मग फळें रात्रभर पाण्यांत भिजत घालून सकाळीं फोडा, व प्रत्येकांतील बिया मोजा. शेवटीं त्या बिया वडील माणसाच्या देखरेखीखालीं अडकित्त्यानें कातरून, भरलेल्या व पोकळ अशा वेगळ्या करा. हाऊबेर न मिळाल्यास बाभळीच्या किंवा चिंचेच्या दोन निरनिराळ्या झाडांच्या शेंगा घेऊन असाच तक्ता करतां येईल. हिशेब करतांना मात्र केवळ बेरजेवर विसंबूं नये. समजा, एका झाडाच्या १०० फळांत २४० बिया निघाल्या व त्यांतील ६० भरलेल्या निघाल्या. दुसऱ्या झाडाच्या १०० फळांत १८० च बिया निघाल्या, परंतु त्यांतील ९० भरलेल्या. पहिलें झाड अधिक फलवान दिसेल. पण शेंकडा २५ आणि शेंकडा ५० हें प्रमाण काढतांच खरें फलवान झाड कोणतें, तें कळून येईल.

खळ्यांत शेतकरी धान्य उफणतो, तेव्हां जड दाणा पायाशीं पडतो व पोचट दाणा भुसाबरोबर उडून जातो. शास्त्राचा अभ्यास ही अशीच एक उफणणी आहे. ती करण्यास मोठीं यंत्रें लागतातच असें नाहीं. मोजपट्टी, वही, अडकित्ता आणि धीर एवढ्यांवर तिचा आरंभ होतो. कोणतेंही झाड, कोणताही मनुष्य, किंवा आपली स्वतःची विद्यादेखील वरच्या रंगावरून जोखूं नये. आंत काय भरलें आहे तें पाहावें. आणि ज्यांच्यांत भेद आहेत त्यांना दोष देण्यापूर्वीं, त्या भेदांतच सर्वांचें रक्षण सांठविलेलें असूं शकेल, हेंही ध्यानांत ठेवावें. चार आण्यांच्या पुडींतून पूर्वीं जें मिळे, तें औषध शरीराचें. त्या पुडींतलें फळ फोडून जें मिळतें, तें बुद्धीचें होय.